शेवटच्या पानावरची सायकल

“बाई, शेवटी ती सायकल कुणाची हुती?”

प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. हा प्रश्न आला की कार्यक्रम संपत आला असं समजायचं, हे त्या हिवाळ्यात माझ्या अंगवळणी पडलं होतं. ‘दार ओढून घे’ या माझ्या कादंबरीला दिवाळीनंतर एक मोठा पुरस्कार मिळाला आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. आज वाचनालय, उद्या महिला मंडळ, परवा कॉलेज. त्याआधी मी कित्येक वर्षं लिहीत होते, पण साताऱ्यात आमच्या गल्लीतही कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आता घरात शाली ठेवायला जागा उरली नव्हती. सत्काराच्या नारळांच्या वड्या थापून थापून माझे हात भरून आले होते. मी बॅग भरायला घेतली की माझे यजमान सुधाकर विचारायचे, “आज कुठलं गाव पावन करणार?” आणि खरं सांगायचं तर मलाही ते नीट ठाऊक नसायचं. त्याच दिवशी मी भाषणाची सुरुवात “गारगोटीकर रसिकहो” अशी केली होती आणि गारगोटी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. लोक हसले, मीही हसले.

हे गाव गडहिंग्लजच्या पुढचं, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेलं. नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका घरातली आहे.

कादंबरी ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. कुसुमचा नवरा एका सकाळी सायकलला रिकामा सिलिंडर बांधतो, गॅस आणायला निघतो, जाताना “दार ओढून घे” म्हणतो आणि परत येत नाही. कुसुम एकटीनं संसार रेटते. शेवटच्या पानावर, दिवेलागणीच्या वेळी, दारात सायकलची घंटी वाजते. कुसुम हाताला लागलेलं पीठ झटकते आणि उठते. तिथंच पुस्तक संपतं. मग ती सायकल कुणाची, हे प्रत्येक गावात एक तरी वाचक विचारतोच. त्याला द्यायचं उत्तर मी घोटून ठेवलं होतं.

“मी दार उघडं ठेवलंय,” मी माइकजवळ वाकून, जरा थांबून म्हणाले. “आत कोण येतं, ते प्रत्येक वाचकानं आपापल्या घरी बघायचं.”

इथं टाळी ठरलेली. कोल्हापुरात आली होती, कराडात आली होती, गारगोटीत तर दोनदा आली होती. त्या दिवशी आली नाही. सगळं सभागृह मला विसरून तिसऱ्या रांगेकडे बघत होतं. तिथं प्रश्न विचारणारी म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, काळा चष्मा, मान जराशी तिरकी करून ऐकत असलेली. तिच्या शेजारी चाळिशीतली एक बाई होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. तिनं म्हातारीचा हात धरून ठेवला होता आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

मी काय चुकीचं बोलले ते मला कळेना. तेवढ्यात वाचनालयाचे कार्यवाह पाटणे सर माइकवर आले आणि त्यांनी घाईघाईनं आभार मानून टाकले. इतकं आटोपशीर आभारप्रदर्शन मी त्या सबंध हंगामात ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर पाटणे सर माझी शाल आणि नारळ स्वतःच्या हातात घेऊन म्हणाले, “मॅडम, चहाला माझ्या बहिणीच्या घरी जायचंय. जवळच आहे, चालत जाऊ. म्हणजे बोलताही येईल.”

पाटणे सर निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मराठी शिकवलेलं, त्यामुळे बोलणं मुद्देसूद. पण त्या दिवशी मुद्द्यावर यायला त्यांनी दोन गल्ल्या घेतल्या.

“मघाशी प्रश्न विचारला ती माझी थोरली बहीण. अक्का म्हणतात तिला. काचबिंदूनं नजर गेलीय. शेजारी होती ती तिची सून, शालन. अंगणवाडीत आहे.”

“मी काही चुकीचं बोलले का, सर?”

“तुमचं काही चुकलं नाही. अक्काचा मुलगा अरविंद, माझा भाचा, कारखान्यात कामाला होता. एका दुपारी शिफ्टला जातो म्हणून सायकलवर बसला आणि गेला तो गेलाच. सायकल एस.टी. स्टँडवर मिळाली, माणूस नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, लफडं नव्हतं. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, देवऋषीसुद्धा झाले.”

मी चालता चालता थांबले. “अहो, पण मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझं पुस्तक सगळं मनानं रचलेलं आहे.”

“ते मला कळतं हो. पण गावाला कोण सांगणार? आमच्या वाचनालयातली एकच प्रत, तिच्यासाठी नंबर लागलेत. लोक म्हणतात, साताऱ्याच्या बाईनं आपल्या अरविंदचं लिहिलंय.” पाटणे सर जरा घुटमळले. “मॅडम, तुम्हाला मुद्दाम बोलावलं, ते नुसतं भाषणासाठी नाही.”

आणि मग त्यांनी खरं कारण सांगितलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, नंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे, अशी रीत. बारा वर्षं भरून गेली होती. भटजी तयार होते. पण विषय काढला की अक्का उठून आत जायची. तोवर शालन ना इकडची ना तिकडची. निपाणीला जनावरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता, बायको वारलेला, चांगला मनुष्य. त्यानं शालनला मागणी घातली होती आणि तो थांबला होता.

“विधी झाल्याशिवाय शालन कुठल्या तोंडानं हो म्हणेल?” पाटणे सर म्हणाले. “अक्का आमचं कुणाचं ऐकत नाही. पण शालननं तिला तुमचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलंय. तुमच्यावर तिचा फार विश्वास बसलाय. तुम्ही फक्त एवढं सांगा, की पुस्तकातला तो माणूस वारला. घंटी वाजली ती दुसऱ्याच कुणाची.”

“सर, पुस्तकातल्या माणसाला मारून खरा माणूस कसा मरेल?”

“तुम्ही लेखिका. मला काय विचारता?” ते म्हणाले आणि एका घरासमोर थांबले.

घराचं दार सताड उघडं होतं. दिवस मावळतीला लागला होता, गटारीवरून डासांचे थवे उठत होते, आजूबाजूच्या घरांनी दारं लावून घेतली होती. ह्या एकाच घराचा उंबरा मोकळा होता. शालननं आम्हाला आत घेतलं आणि ओशाळून म्हणाली, “डास फार आहेत ओ. पण आमच्यात झोपेपर्यंत दार लावत नाहीत. अक्कांना उघडं लागतं.”

अक्का सोप्यात, दारालगतच्या बाहेरच्या खोलीत, जाजमावर बसल्या होत्या. मी नमस्कार केला तर त्यांनी माझे दोन्ही हात चाचपून बघितले.

“ह्या हातानं लिवलंय व्हय? लई ग्वाड लिवलंय. शालन वाचायची, मी ऐकायची. शेवट तर लईच ग्वाड.”

“शेवट?” मी विचारलं. माझ्या शेवटाला लोकांनी धाडसी म्हटलं होतं, अपुरा म्हटलं होतं. गोड कुणीच म्हटलं नव्हतं.

“त्योच की. त्यो सायकल लिंबाच्या झाडाला टेकवून आत येतोय. कुसुम काय बी बोलत न्हाई. पाय धुवायला तांब्या देती. मग त्योच म्हनतोय, ‘गॅस मिळाला न्हाई.’ ती म्हनती, ‘ऱ्हाऊ दे. चुलीवर केलंय.’ आणि ताट वाढती.”

 हे मी लिहिलं नव्हतं. माझी गावं एकमेकांत मिसळत होती, माणसांची नावं मिसळत होती, तशी पुस्तकाची पानंही मिसळली की काय, अशी मला क्षणभर शंका आली. एखाद्या जुन्या खर्ड्यात लिहून मी विसरले तर नव्हते? मग आठवलं, की माझ्या कुसुमच्या दारात लिंबाचं झाडच नाही. आणि पाठोपाठ मला सरळ सरळ हेवा वाटला. हा शेवट मी किती तऱ्हांनी लिहून फाडला होता, पण ‘राहू दे, चुलीवर केलंय’ हे वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं.

“पण मग अक्का, मघाशी तुम्ही सायकल कुणाची म्हणून का विचारलंत?”

“असंच,” अक्का म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

पाटणे सर माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. सांगा, सांगा, असं त्यांचं चाललं होतं. तेवढ्यात आतून शालनचा आवाज आला, “मॅडम, जरा आत येता का? चहा कसा लागतो तुम्हाला, ते बघा.”

चहा कसा लागतो ते बघायला पाहुण्याला स्वयंपाकघरात बोलावतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी गेले. शालननं आधण ठेवलंच नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“ते मी वाचलंय,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “पुस्तकात नाही ते. मी मनानं वाचलंय. तुम्हाला राग आला असेल.”

“राग नाही. पण का?”

“पुस्तक संपलं त्या दिवशी अक्कांनी विचारलं, पुढं? म्हटलं, पुढं नाही, संपलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण जेवल्या नाहीत ओ. ताटावर नुसत्या बसून राहिल्या. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, अक्का, थोडं राहिलंय, पानं चिकटली होती. आणि पुस्तक हातात धरून वाचत बसले. दोन दिवस पुरवलं.”

“छान रचलंत,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

तिकडे तिचं लक्ष नव्हतं. “मामांनी तुम्हाला काय सांगायला सांगितलंय ते मला ठाऊक आहे. सांगू नका, मॅडम. त्यांचा जीव त्या एका आशेवर आहे. असतील तेवढे दिवस असू दे.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय? मी केव्हाच सोडलंय.” हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मला खोटं वाटलं नाही. “एका सकाळी उठले आणि ध्यानात आलं, काल आपण एकदाही दाराकडं बघितलं नाही. त्या दिवशी रडले, तेवढंच. हा चुडा अक्कांसाठी घालते. दिसत नाही ना त्यांना, बांगड्या वाजल्या की त्यांना बरं वाटतं.”

“निपाणीच्या माणसाला काय सांगितलंत?”

तिनं एकदम पातेलं उचलून शेगडीवर ठेवलं. “ते थांबतो म्हणालेत. मी नको म्हटलं नाही,” ती पाठमोरी म्हणाली. “पण मी गेले तर अक्का ह्या उघड्या दारात एकट्या बसून राहणार. मला तिकडं घास उतरेल का?”

मी सोप्यात परत आले, तोच अक्का भिंतीला धरून उठल्या. “बाई, परड्यात चला. आमची हळद बगा. कधी नव्हं एवढी आलीया.”

परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, आम्ही गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून अक्का हळदीच्या वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांना वाफा दिसत नव्हता आणि मला हळदीतलं काही कळत नव्हतं.

“तिनं सांगितलं न्हवं, तिनं रचलंय म्हनून?”

मी दचकले. “तुम्हाला माहीत आहे?”

“डोळं गेलं, कान न्हाईत गेलं. पुस्तक वाचताना पान उलटल्याचा आवाज येतोय. त्या दोन दिवसांत ती वाचत हुती, वाचत हुती आणि येक बी पान उलटलं न्हाई.” अक्का हसल्या. “मला काय कळत न्हाई व्हय?”

“मग तुम्ही तिला का बोलला नाहीत?”

“कसं बोलू? मनात असल्याबिगर तोंडात येतंय व्हय, बाई? तिला वाटतंय त्यो येईल, म्हनून तर तसं रचलं पोरीनं. पाय धुवायला तांब्या देती म्हनं.” त्यांनी वाकून हळदीचं एक पान चाचपलं. “मी कवाच सोडलंय. आईच्या आतड्याला कळतंय. पन विधीला मी हो म्हनलं, तर तिचं कुंकू मी माझ्या हातानं पुसलं असं हुईल. तवा विषय निघाला की मी उठून जातो.”

तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात. एरवी मला त्याची गंमत वाटायची, त्या वेळी वाटली नाही.

“हॉलमदी त्याच्यासाठनंच इचारलं. म्हटलं, लिवनारीच्या तोंडनं तिनं ऐकू दे की त्यो न्हाई आला. मग ती मोकळी हुईल. तर तुमी भलतंच सांगितलासा. दार काय, वाचक काय.” अक्कांनी माझा खांदा दाबला. “आता तरी नीट सांगा. माझ्यामागनं तिचं कोन हाय?”

माझी अवस्था विचारू नका. भाऊ म्हणत होता, बहीण अडून बसलीय, तिला सांगा तो मेला. सून म्हणत होती, सासूला सांगू नका. सासू म्हणत होती, सुनेला सांगा. आणि ह्या सगळ्यांचा भरवसा माझ्या एका माणसावर, जो मी एका दुपारी गॅसच्या रांगेत उभी असताना कंटाळून रचला होता. घरी जाऊन मला हे सगळं सुधाकरांना सांगायचं होतं आणि कुठून सुरुवात करायची तेच समजत नव्हतं.

मग हळदीच्या वाफ्यापासून मागच्या दारापर्यंत येता येता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किती सोपं होतं. दोघींनीही आशा सोडली होती आणि दोघीही एकमेकींसाठी ती धरून बसल्या होत्या. दोघींना एकत्र बसवून एकीचं दुसरीला सांगितलं की झालं. पुतळा होईल, निपाणी होईल, सगळं होईल. एवढी वर्षं माणसांच्या मनाच्या गाठी मी कागदावर सोडवत होते, मला अगदी हुरूप आला.

सोप्यात शालन चहा घेऊन आली. एरवी दिवेलागणीला म्हणे ती स्वयंपाकघरात असायची आणि अक्का बाहेर, पण माझ्यामुळे त्या दिवशी ती तिथंच टेकली. दार उघडंच होतं. पाटणे सर बशी तोंडाजवळ नेऊन माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मी घसा साफ केला.

“अक्का, शालनताई, मला त्या शेवटाबद्दल थोडं बोलायचंय. तुम्ही दोघीही—”

बाहेर सायकलची घंटी वाजली.

शालनच्या हातातली बशी कलंडली आणि चहा जाजमावर सांडला. ती उभी राहिली होती. तिच्या बांगड्या एकदम खळकन वाजल्या. आणि अक्का, ज्यांना परड्यातून आणताना मला आधार द्यावा लागला होता, त्या एक हात जमिनीवर टेकून, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा करत अर्ध्या उठल्या होत्या. दोघींची तोंडं दाराकडे होती. खोटं कशाला बोलू, माझंही होतं.

दारावरून शेजारची मुलगी सायकल दामटत गेली. पाठीला दप्तर होतं. “अक्का, आले गं क्लासहून,” असं ओरडली आणि कोपऱ्यावर वळली.

 अक्का तशाच अर्धवट उठलेल्या राहिल्या. मग त्यांनी मान तिरकी केली.

“बांगड्या वाजल्या,” त्या म्हणाल्या.

शालननं चुडा दुसऱ्या हातानं दाबून धरला. “तुम्ही पण उठलात, अक्का.”

“व्हय. उठलो.”

माझं जुळवून आणलेलं वाक्य तोंडातल्या तोंडात विरून गेलं. स्वयंपाकघरात शालन खोटं बोलली नव्हती, परड्यात अक्का खोटं बोलल्या नव्हत्या. मग हे आता मी जे बघितलं ते काय होतं? मला काहीच उमजेनासं झालं. पाटणे सरांची बशी तोंडाजवळच राहिली होती.

“बाई,” अक्का खाली बसत म्हणाल्या, “आता माझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी न्हाई. खरं खरं सांगा. त्यो आला का?”

ते घोटलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. दार उघडं आहे, वाचकांनी बघावं. तिथं ते उघडं दार होतं, तिथं त्या दोघी होत्या, आणि मला माझी लाज वाटली.

“मला माहीत नाही, अक्का,” मी म्हणाले. “शप्पथ. पुष्कळ प्रयत्न केला. कधी तो येतोय असं लिहिलं, कधी दुसराच कुणी आहे असं लिहिलं. कुठलंच खरं वाटेना. मला कळलंच नाही, म्हणून मी तिथं थांबले. लोकांना मात्र दुसरंच काहीतरी सांगत आले.”

“लिवनारीलाच ठावं न्हाई?”

“नाही.”

“आणि तरी बी तुमी पुस्तक संपवलासा?”

“संपवावं लागतं, अक्का. कुठंतरी.”

अक्कांनी मान हलवली. बराच वेळ त्या जाजमावरचा सांडलेला चहा हातानं चाचपत होत्या, जणू तो किती लांब गेलाय ते बघत होत्या. शालन भिंतीशी बसून पदरात तोंड घालून रडत होती. आवाज होऊ देत नव्हती, पण अक्कांना ते कळायला आवाज लागत नव्हताच.

“शालन.”

“काय?”

“डास लई झाल्यात, पोरी. दार ओढून घे.”

शालननं पदरातून तोंड वर काढलं. पाटणे सरांनी बशी खाली ठेवली. शालन उठली, दारापाशी गेली आणि चौकटीला हात लावून थोडी थांबली. बाहेर कोपऱ्यापर्यंत रस्ता रिकामा होता. मग तिनं दोन्ही फळ्या पुढं ओढल्या आणि कडी घातली. ती कडी गंजली होती. दोनदा जोर लावावा लागला.

त्यानंतर आम्ही नवा चहा प्यायलो. कशाकशावर बोललो ते मला आठवत नाही. हळदीवर बोललो असू.

दुसऱ्या दिवशी बेळगावला तोच प्रश्न आला. मी म्हणाले, “मला माहीत नाही.” टाळी पडली नाही. संयोजकांचा चेहरा उतरला. आमच्या घरी मात्र सुधाकर म्हणाले, “चला, एक तरी नारळ कमी येईल.”

त्या गावाचं पुढं काय झालं ते विचारायचा मला धीर झाला नाही. पुढच्या हिवाळ्यात पाटणे सरांचाच फोन आला. व्याख्यानमाला होती, तारीख हवी होती. तारखेचं बोलून झाल्यावरही ते फोन ठेवेनात.

“विधी झाला, मॅडम,” ते शेवटी म्हणाले. “उन्हाळ्यात. पुतळा करायला पळसाची पानं अक्कानं स्वतः चाचपून निवडली. कुणाला हात लावू दिला नाही. भटजी घाई करत होते, त्यांनाही गप्प बसवलं.”

“आणि शालनताई?”

“निपाणीला. लग्न रजिस्टर केलं, साधंच. मुलाकडच्यांनी विचारलं, रुखवतात काय देणार? तर शालन म्हणाली, सासू.” पाटणे सर हसले. “अक्का तिच्याबरोबर गेलीय. घराला कुलूप आहे. तुमच्या चहाची सोय या वेळी माझ्याकडेच करावी लागेल.”

 मी म्हणाले, “अक्कांना माझा नमस्कार सांगा.”

“सांगतो. आणि हो, तिचा एक निरोप आहे तुम्हाला. म्हणाली, जसा सांगते तसाच सांग. पण त्याआधी तुमचं पुढचं पुस्तक कधी येतंय ते विचारलंय.”

“लिहितेय, म्हणावं.”

“मग तिचा निरोप असा.” त्यांनी घसा खाकरला आणि अक्कांच्या सुरात म्हणाले, “‘बाईंना म्हनावं, ह्या खेपंला शेवट तुमचा तुमी लिवूनच पाठवा. आमची शालन आता रिकामी न्हाई.’”